चिंचिला घरी आणावा का? आधी घराचा उन्हाळा मोजा

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांच्या मुलीला चिंचिला, म्हणजे तो दाट लोकरीचा, कुरतडणाऱ्या प्राण्यांतला छोटा जीव, हवा आहे, जवळच्या निवारा केंद्रात पाच वर्षांचे दोन भाऊ पिंजऱ्यासकट दत्तक मिळताहेत, आणि 'शाकाहारी आहे, वास येत नाही, भुंकत नाही' म्हणून घरात जवळजवळ ठरलंच आहे. तुमचे प्रश्न तीन: मुलीला तो मांडीवर घेता येईल का, डिसेंबरात महिनाभर पुण्याला जाता तेव्हा त्याचं काय करायचं, आणि खर्च किती येतो. नॉटिंगहॅमला दुसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, पश्चिमेकडे तोंड असलेला हॉल, यजमानांना ‘हे फीवर’चा, म्हणजे गवताच्या परागकणांच्या ॲलर्जीचा त्रास आणि तीन-चार वर्षांत भारतात परतायचा विचार, एवढं तुम्ही शेवटी जाता जाता सांगितलंय. मला विचाराल तर तुमचं उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये ससे, गिनीपिग, पक्षी, चिंचिला अशा प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. चिंचिला मला मनापासून आवडतो. इतका देखणा, चपळ आणि आपल्या मर्जीने वागणारा छोटा प्राणी दुसरा नाही. त्यामुळे तो पाळण्याजोगा आहे का, हा प्रश्नच नाही. थंड, कोरड्या डोंगरात घडलेला, रात्री जागणारा आणि पंधरा-पंधरा वर्षं जगणारा हा जीव तुमच्या याच घरात, तुमच्या पुढच्या याच वर्षांत मावतो का, एवढंच बघायचं आहे.

आधी उन्हाळा. चिंचिला मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांचा. त्याच्या एकेका मुळातून पन्नासहून अधिक केस निघतात, म्हणून ती लोकर ढगात बोट घातल्यासारखी लागते. त्याच लोकरीपायी माणसाने त्याची इतकी शिकार केली की रानातल्या दोन्ही जाती आज धोक्यात आहेत. १९२३ मध्ये मथायस चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण अभियंत्याने चिलीहून अकरा चिंचिला कॅलिफोर्नियाला नेले. आज घराघरांतून दिसणाऱ्या चिंचिलांपैकी बहुतेकांचं कूळ त्या अकरांपर्यंत जातं असं मानतात. त्यांना डोंगरावरून खाली उतरवायलाच चॅपमनने जवळजवळ वर्ष लावलं होतं आणि बोटीवर पिंजरे गार ठेवायला बर्फ वापरला होता, असं त्या प्रवासाबद्दल सांगतात. शंभर वर्षं झाली, पिंजऱ्यात पिढ्यान् पिढ्या गेल्या, पण अंगावरचा कोट तोच आहे. पंधरा ते वीस अंश सेल्सियस त्याला मानवतात. पंचवीसच्या पुढे मला काळजी वाटू लागते, आणि हवा दमट असेल तर त्याच्याही आधी.

आता म्हणाल, इंग्लंडमध्ये कसला आलाय उन्हाळा. १९ जुलै २०२२ आठवा. त्या दिवशी लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले. संध्याकाळी पाचच्या सुमाराला एक बाई धावत आमच्या दवाखान्यात आल्या. ओल्या टॉवेलात गुंडाळलेला चिंचिला त्यांनी छातीशी धरला होता. फ्लॅट वरच्या मजल्यावरचा. सकाळी कामाला जाताना पिंजऱ्यासमोर पंखा पूर्ण वेगात लावून गेल्या होत्या. चिंचिलाचे कान कागदासारखे पातळ असतात, एरवी फिकट गुलाबी-करडे. त्या दिवशी ते लालबुंद होते, हाताला इस्त्रीसारखे गरम लागत होते, आणि त्यांतली शीर न् शीर वर आली होती. तो कुशीवर पडून तोंडाने श्वास घेत होता. आम्ही त्याला हळूहळू गार केलं, सलाइन दिलं. रात्री नऊच्या आत तो गेला. बाई रडत एकच म्हणत होत्या, पंखा तर लावला होता हो. पंख्याने आपल्याला गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. चिंचिलाला घाम येत नाही. बंद तापलेल्या खोलीत त्याच्यासाठी पंखा म्हणजे गरम हवेचा झोत. शिवाय त्या दाट लोकरीवर ओला टॉवेल गुंडाळला की आतली उष्णता आतच कोंडते. त्या बाईंनी मायेत काहीही कमी केलं नव्हतं, त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमचा हॉल पश्चिमेचा आहे, म्हणजे दुपारी तीनपासून सूर्यास्तापर्यंत, आणि इथला जूनमधला सूर्यास्त साडेनऊला, तो तापत राहणार. त्या खोलीत पिंजरा नको. उत्तरेकडची एखादी खोली किंवा आतला पॅसेज असेल तर ठीक. तिथेही पारा चढत असेल तर पोर्टेबल एसी लागेल, त्याचा पाइप खिडकीबाहेर काढावा लागेल आणि ते घरमालकाला विचारावं लागेल. पिंजऱ्यात गार फरशीचा तुकडा ठेवणं, गोठवलेली बाटली मोज्यात घालून ठेवणं हे बावीस-तेवीस अंशांपर्यंतचे उपाय आहेत. तीस अंशांना त्यांच्या भरवशावर घर सोडून कामाला जाता येत नाही.

मांडीवर घेता येईल का? नाही, असंच धरून चाला. तो माणसाळत नाही असं नव्हे. पण आपल्याला धरलेलं त्याला आवडत नाही. ससाण्याने पकडू नये म्हणून निसर्गाने त्याला एक युक्ती दिली आहे: घट्ट धरलं की लोकरीचा झुबकाच्या झुबका सोडून तो निसटतो. मुलीने प्रेमाने कवटाळलं तर तिच्या मुठीत राखाडी केस राहतील, त्याच्या पाठीवर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसेल, आणि तो भरून यायला काही महिने लागतील. दुखतं म्हणाल तर फारसं नाही, पण विश्वास मात्र तुटतो. त्याच्या फासळ्याही नाजूक असतात, जोरात दाबून चालत नाही.

मुलांना मी एक वेगळी रीत शिकवते. रात्री आठच्या सुमाराला बाथरूममध्ये जायचं, कमोडचं झाकण लावायचं, दार बंद करायचं, जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि त्याला मोकळं सोडायचं. हात पुढे करायचा नाही. पहिल्या आठवड्यात तो भिंतीला पाय लावून उड्या मारेल आणि तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. मग कधीतरी गुडघ्यावर येऊन बसेल, खांद्यावर चढेल, केस हुंगेल. ज्या मुलाला वाट बघण्यात गंमत वाटते त्याच्यासाठी यासारखा सोबती नाही. ज्याला शाळेतून आल्यावर कुशीत घ्यायला काही हवं असतं, ते मूल मात्र महिन्याभरात हिरमुसतं. तुमची मुलगी कोणत्या स्वभावाची आहे हे तुम्हीच सांगू शकाल. पाच वर्षांचे प्राणी दत्तक घेण्यातला मोठा फायदा मला इथे दिसतो. त्यांचा स्वभाव घडून गेलेला आहे. कोण धीट, कोण बुजरा, चावतात का, हे केंद्रातली माणसं तुम्हाला आजच सांगू शकतील. दोघे भाऊ एकमेकांना धरून असतील तर त्यांची ताटातूट करू नका. पण क्वचित नरांचं बिनसतं, आणि बिनसलं की ते रक्त निघेपर्यंत भांडतात. अशा वेळी दुसरा पिंजरा ठेवायला घरात जागा आहे का, हे आधी बघून ठेवा.

'शाकाहारी आहे' या मुद्द्यावर मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्या घरांत सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. शाकाहारी म्हणजे आपल्या ताटातलं चालतं असं नाही. त्याचं खरं अन्न वाळलेलं गवत, टिमोथीसारखं, दिवसरात्र पुढ्यात. जोडीला दिवसाकाठी एक-दोन चमचे साध्या पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या, रंगीबेरंगी दाणे आणि सुकामेवा मिसळलेलं खाद्य नव्हे. एका मराठी घरातले आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी इथे आले होते. देवापुढच्या वाटीतले चार बेदाणे आणि दोन शेंगदाणे आजी रोज चिंचिलाला द्यायच्या. तोही पिंजऱ्याच्या दाराशी येऊन हात पुढे करायचा, दोन्ही पंजांत बेदाणा धरून खायचा. ते दृश्य फार गोड होतं, मी त्याचा व्हिडिओ पाहिला आहे. हळूहळू त्याने गवत सोडलं. माझ्याकडे आणलं तेव्हा हनुवटी लाळेने ओली होती, डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि वजन शंभर ग्रॅमनी उतरलं होतं.

कारण दात. चिंचिलाचे पुढचे-मागचे सगळे दात आयुष्यभर वाढत राहतात. तासन् तास गवत चघळलं तरच ते झिजतात. गवत सुटलं की दाढांना काटे फुटतात, ते जिभेला आणि गालाला टोचतात, म्हणून खाणं आणखी कमी होतं. मुळंही उलट्या दिशेने, डोळ्याकडे आणि जबड्याच्या हाडाकडे वाढत जातात. भूल देऊन काटे घासता येतात, पण एकदा दाढांची घडी बिघडली की ती पूर्ववत होत नाही. दर काही आठवड्यांनी पुन्हा भूल, पुन्हा तेच. तुम्ही खर्च विचारलात त्याचं खरं उत्तर हे आहे. गवत, पेलेट, अंघोळीची धूळ (तो पाण्याने नव्हे, धुळीत लोळून अंग साफ करतो) यांचे दोघांचे मिळून महिन्याला तीस-चाळीस पौंड धरा. पण दातांचा एक एक्स-रे आणि भूल देऊन केलेली दुरुस्ती यांचं बिल काही शे पौंडांत जातं, आणि ते एकदाच येत नाही. केंद्राला विचारा की या दोघांचे दात कधी तपासलेत, एक्स-रे काढलाय का. पुढचे दात नारिंगी-पिवळे असतील तर घाबरू नका, तोच निरोगी रंग आहे.

मुलीला काम द्यायचं असेल तर पिंजरा झाडण्याआधी वजनाचं द्या. दर शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर एक वाडगा, वाडग्यात चिंचिला, आणि वहीत तारीख व ग्रॅम. हा प्राणी दुखणं लपवतो. जखमी दिसला तर शिकार होतो, हे त्याच्या रक्तात आहे. पाचशे ग्रॅमच्या चिंचिलाचं वजन तीस ग्रॅम उतरलं तर लोकरीमुळे डोळ्यांना काही कळत नाही, पण साठ किलोच्या माणसाचं साडेतीन किलो उतरण्यासारखं ते आहे. बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या बारीक झाल्या, थांबल्या, तर सकाळपर्यंत वाट बघू नका. त्याला उलटी करता येत नाही आणि पोटफुगी झपाट्याने वाढते. आणखी एक कळकळीचं सांगणं: आपल्या प्रत्येकाच्या घरात भारतातून आणलेल्या गोळ्यांचा डबा असतो. त्यातली कोणतीही अँटिबायोटिक त्याला देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं साधं औषध तोंडावाटे गेलं तर त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि त्यानेच तो दगावू शकतो.

यजमानांच्या हे फीवरचं काय? चिंचिलाच्या केसांपेक्षा गवताचा आणि धुळीचा त्रास जास्त होतो. चिंचिलाच्या अंगाला पाणी लावायचं नाही, ओली लोकर आतून वाळत नाही आणि बुरशी धरते. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा दहा मिनिटं भांड्यात बारीक राखाडी पूड द्यायची. त्यात तो गर्रकन लोळतो, आपल्याकडे अंगणातल्या धुळीत चिमण्या लोळतात ना, अगदी तसा. पाहायला बहार येते, पण खोलीभर पिठासारखा थर बसतो. आधी प्रयोग करून बघा. टिमोथी गवताची एक पिशवी आणा, जिथे पिंजरा ठेवायचा विचार आहे तिथे उघडून ठेवा आणि यजमानांना रोज त्यातून मूठभर काढायला सांगा. आठवडाभरात शिंका सांगतील. दम्याचा त्रास असेल तर मी स्पष्ट नाही म्हणेन.

आवाजाबद्दल दोन वाक्यं. भुंकत नाही हे तुमचं पूर्ण खरं नाही, घाबरला की तो भुंकल्यासारखाच ओरडतो, आणि रात्री दोनला पिंजऱ्यातल्या व्यायामाच्या चाकावर पळतो. मुलीच्या झोपायच्या खोलीत पिंजरा ठेवू नका, आणि खालच्या मजल्यावर कोण राहतं याचा विचार करा. भाड्याच्या घरात वायरी आणि भिंतीलगतच्या लाकडी पट्ट्या कुरतडल्या गेल्या तर डिपॉझिट तुमचं जातं, म्हणून मालकाची परवानगी लेखी घ्या.

डिसेंबर त्यामानाने सोपा आहे. थंडी असते, त्यामुळे जिवाचा धोका कमी. कुत्र्यांच्या केनेलमध्ये ठेवू नका, तिथल्या भुंकण्याने तो खाणं सोडेल. लहान प्राणी सांभाळणारी माणसं मिळतात, काही दवाखानेही ठेवून घेतात. मात्र डिसेंबरची नोंदणी सप्टेंबरातच करा, आणि सोबत वजनाची वही द्या. 'गवत संपलं नाही ना' एवढंच बघणारा माणूस पुरत नाही, लेंड्या मोजणारा हवा.

आणि आता परतण्याचा विचार. हे भाऊ आज पाच वर्षांचे आहेत. चिंचिला दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, काही वीसपर्यंत जातात. म्हणजे ते पंधराचे होतील तेव्हा तुमची मुलगी एकोणीसची असेल, कॉलेजला दुसऱ्या गावी गेलेली असेल. इथल्या कायद्यानेही सोळा वर्षांखालच्या मुलाच्या प्राण्याची जबाबदारी पालकाची असते. तेव्हा माझा पहिला प्रश्न मुलीला नाही, तुम्हा दोघांना आहे: रात्री नऊ ते अकरा घरात कोण जागं असतं, आणि मुलीचा रस ओसरला तरी हे दोघे त्या माणसाला हवे असतील का? त्या माणसाचं उत्तर मनापासून 'हो' असेल तरच पुढे जावं.

पुण्याला नेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. भारतात प्रवाशाच्या सामानासोबत पाळीव प्राणी आणायची सोय आहे ती कुत्र्या-मांजरांपुरती. आणि समजा नेला, तरी एप्रिल-मेचं ऊन आणि त्यानंतरची पावसाळी दमट हवा, दोन्ही त्याच्या मुळावर येणारी. चोवीस तास एसी आणि एकदाही वीज जाणार नाही याची हमी कोण देणार? राहता राहिलं इथे दुसरं घर शोधणं. बहुतेक केंद्रं करारात लिहून घेतात की सांभाळणं जमलं नाही तर प्राणी आमच्याकडेच परत द्यायचा. ते योग्यच आहे. पण नऊ वर्षांच्या, दातांची कुरकुर सुरू झालेल्या दोन चिंचिलांना तिसऱ्यांदा घर मिळणं किती अवघड असतं ते मी पाहिलेलं आहे. तुमच्या मुलीलाही ती ताटातूट सोसावी लागेल, तीही देश सोडतानाच.

तेव्हा माझं मत असं. तीन-चार वर्षांत परतायचं तुमचं नक्की असेल तर दत्तक घेऊ नका. त्याऐवजी केंद्राला सांगा की आम्ही तात्पुरता सांभाळ करू. अशा केंद्रांना शस्त्रक्रियेतून उठलेल्या किंवा घर मिळेपर्यंत ठेवायच्या प्राण्यांसाठी घरांची गरज असते, आणि दवाखान्याचा खर्च बहुधा तेच करतात. मुलीला चिंचिला मिळेल, तुमच्या घराची परीक्षाही होईल. परतणं हे नुसतं बोलणं असेल, घरात एक खोली उन्हाळाभर गार राहत असेल आणि मोठ्यांपैकी एकाला तो स्वतःला हवा असेल, तर मी आनंदाने 'आणा' म्हणेन. तुमच्याकडे येऊन पाच वर्षांचे दोन बेघर भाऊ सुखी होतील.

पण हा निर्णय या महिन्यात घेऊ नका. एक साधा थर्मामीटर आणा, दिवसाचं सर्वांत जास्त तापमान नोंदवणारा, आणि पिंजऱ्याच्या जागी टांगा. रोज रात्री मुलीला आकडा वहीत लिहायला सांगा, ऑगस्टअखेरपर्यंत. दरम्यान दोन-तीनदा केंद्रात जा, शक्यतो संध्याकाळी उशिरा, ते जागे असताना, आणि मुलीला हात न लावता अर्धा तास नुसतं बसू द्या. सप्टेंबरात ती वही घेऊन मला पुन्हा लिहा. त्यात पंचवीसच्या वरचे दिवस किती आले ते बघून आपण पुढचं बोलू.